बाटलीवरचं नाव, बाटलीतलं तेल

खंबाटकी ओलांडून सुरूरच्या सपाटीला लागलो तेव्हा आमच्या गाडीची ती थरथर पहिल्यांदा लक्षात आली. वेग पन्नास-साठचा, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकाच. खालून एकाएकी असं जाणवलं, की रस्त्यावर आडव्या पट्ट्या मारल्यात आणि चाकं त्यांवरून धावतायत. पाय जरा दाबला की थरथर बंद, सैल सोडला की पुन्हा सुरू. रस्ता तर गुळगुळीत होता. गाडी ऑटोमॅटिक, सहा गिअरची, नव्वद हजार किलोमीटर झालेली. वॉरंटी केव्हाच संपलेली.

पुण्याला परतल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवलं. काउंटरवरच्या तरुणानं संगणकात पाहून सांगितलं, ‘‘सर, गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं, ते बदलायचं नसतं. थरथर जात नसेल तर टॉर्क कन्व्हर्टर बदलावा लागेल, नाहीतर पूर्ण गिअरबॉक्स.’’ खर्चाचा आकडा ऐकून मी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मेकॅनिकनं कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट दाखवलं. ‘‘काका, तेल बदलून टाकू. हे लाल एटीएफ सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं. कंपनीच्या तेलाला उगाच दुप्पट पैसे कशाला?’’

दोघांनाही मी एकच विचारलं होतं. या गिअरबॉक्सला कोणत्या स्पेसिफिकेशनचं तेल लागतं? दोघांपैकी एकालाही ते सांगता आलं नाही. एकाचा विश्वास कंपनीच्या नावावर होता, दुसऱ्याचा तेलाच्या रंगावर. ‘कंपनीचं की बाहेरचं’ हा आपल्याकडचा नेहमीचा वाद या दोन विश्वासांमधला आहे, आणि मला तो मुळातच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. गाडी बनवणारा शिफारस करतो ती ठरावीक गुणांच्या तेलाची. ते गुण कोणत्या बाटलीत आहेत आणि तसं असल्याची हमी कोण घेतो, एवढंच गाडीच्या मालकाला कळायला हवं. नेमकं तेच त्याला कळू दिलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

इंजिन ऑइलच्या बाबतीत आपण थोडे बेफिकीर असलो तरी निभावतं. एटीएफचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाचं, तसं नाही, कारण त्याच्याकडून एकमेकांविरुद्धची कामं करून घ्यायची असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. दातेरी चाकं आणि बेअरिंग यांच्यात याच तेलानं घर्षण कमी करायचं, आणि क्लच प्लेटा एकमेकींवर दाबल्या गेल्या की त्यांना घट्ट पकडूही द्यायचं. तेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे पोचवतं, व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमधून दाब वाहून नेतं आणि वर उष्णताही काढून घेतं. आजच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच कितीतरी वेळ पुरता बंद नसतो. इंधन वाचावं आणि झटकाही बसू नये म्हणून तो मुद्दाम किंचित घसरत ठेवलेला असतो. अशा वेळी तेलाच्या अंगी एक नाजूक गुण लागतो: घसरण्याचा वेग कमी होत जाताना घर्षण वाढता कामा नये. ते वाढलं की प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. जड खुर्ची फरशीवरून सरकवताना ती थडथडत जाते ना, तसंच. सुरूरच्या सपाटीवर मला जाणवली ती हीच थडथड होती.

हा गुण मूळ तेलातून येत नाही. त्यात मिसळलेल्या रसायनांतून, म्हणजे ‘फ्रिक्शन मॉडिफायर’मधून येतो. बाटलीत बहुतांश साधं शुद्ध तेल असतं, उरलेला थोडा भाग रसायनांचा. सगळा फरक त्या थोड्या भागात असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. लाल रंग तर निव्वळ ओळखीसाठी घातलेला असतो. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे कळावं, इतकाच त्याचा उपयोग. लाल नसलेलीही ट्रान्समिशन तेलं आहेत. काही हिरवी असतात. रंगावरून गुण ओळखणं म्हणजे कपाच्या रंगावरून चहातली साखर सांगणं.

हे सगळं अनुभवातून शिकायला मोटारउद्योगाला बरीच वर्षं लागली. जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्डस्मोबिलसाठी हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हा या तेलाला फारसं वेगळं नावही नव्हतं. १९४९ मध्ये कंपनीनं ‘टाइप ए’ हे पहिलं स्पेसिफिकेशन ठरवलं. पुढे १९६० च्या दशकात जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जनरल मोटर्सला गिअर लोण्यासारखा बदलायला हवा होता, म्हणून त्यांच्या ‘डेक्स्रॉन’मध्ये फ्रिक्शन मॉडिफायर होते. फोर्डला क्लचनं चटकन आणि करकचून पकडावं असं वाटत होतं, म्हणून त्यांच्या ‘टाइप एफ’मध्ये ते नव्हते. दोन्ही तेलं लाल, दोन्ही उत्तम. पण फोर्डचं तेल जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर गाडी हिसके मारायची, आणि उलट केलं तर क्लच घसरायचे. चांगलं तेल आणि योग्य तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. आपल्या बाजारात मात्र ‘एकदम भारी इम्पोर्टेड सिंथेटिक’ एवढ्या शब्दांवर आजही तेल खपतं.

त्या जुन्या डेक्स्रॉनमधला फ्रिक्शन मॉडिफायर स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून मिळायचा. उष्णता सोसण्यात त्याला जोड नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं या प्राण्याला संरक्षण दिलं आणि ते तेल बंद झालं. ते योग्यच होतं. पण पर्याय म्हणून आणलेल्या रसायनांनी कूलरमधल्या धातूच्या जोडांना गंज चढू लागला, आणि गंजरोधक घालून डेक्स्रॉन पुन्हा सुधारावं लागलं. नामांकित कंपनीचं, तिनंच तपासलेलं आणि तिनंच शिफारस केलेलं तेल होतं ते. एक घटक बदलला आणि ज्याचा विचारच झाला नव्हता तिथे बिघाड निघाला. तेव्हा ‘हे पण तसलंच आहे’ असं कुणी सहज म्हणालं की मला हे गंजलेले जोड आठवतात.

‘कंपनीचंच घाला’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यांत भक्कम पुरावा क्रायस्लरचा. त्यांचा चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ‘अल्ट्राड्राइव्ह’ गिअरबॉक्स १९८९ च्या मॉडेलांमध्ये आला आणि बिघाडांसाठी बदनाम झाला. कारणं अनेक होती, त्यांत तेलाचंही एक मोठं कारण होतं. या गिअरबॉक्सला क्रायस्लरचं स्वतःचं खास तेल लागायचं, आणि लोक डेक्स्रॉन घालत होते. आता यात दोष कुणाचा? खास तेल मिळालं नाही तर डेक्स्रॉन चालेल, अशी मुभा कंपनीनंच मालकांना दिली होती! मालकांनी सांगितलेलं ऐकलं आणि गिअरबॉक्स गमावले. म्हणजे स्पेसिफिकेशन पाळणं किती गरजेचं आहे हे या प्रकरणानं सिद्ध केलं, आणि कंपनीचा शब्द हाच अंतिम पुरावा मानता येत नाही हेही त्याच प्रकरणानं सिद्ध केलं.

अलीकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. जनरल मोटर्सच्या २०१५ नंतरच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये थरथरीच्या तक्रारी आल्या. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखं वाटतं, असंच वर्णन तिथेही होतं. शोध घेतल्यावर कारण सापडलं, की कारखान्यात भरलेलं तेल ओलावा शोषून घेत होतं आणि त्यामुळे लॉकअप क्लचचं घर्षण बिघडत होतं. कंपनीनं डीलर मंडळींना सांगितलेला उपाय असा: जुनं तेल पूर्ण काढा आणि मोबिलचं एक नवं, वेगळ्या घडणीचं तेल भरा. ते तेल दुकानातही मिळतं. ज्यानं पहिल्या दिवसापासून केवळ कंपनीचं तेल वापरलं, त्यालाच ही थरथर सोसावी लागली.

‘लाइफटाइम’ या शब्दाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण माझ्या मते चुकीच्या तेलाइतकंच नुकसान या एका शब्दानं केलं आहे. जर्मनीची झेडएफ ही कंपनी कितीतरी महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते. त्या गाड्यांचे बरेच उत्पादक तेल आयुष्यभराचं म्हणून सांगतात. गिअरबॉक्स घडवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. दोघांच्या सांगण्यात हा फरक का? गाडी विकणाऱ्याला देखभालीचा खर्च कमी दाखवायचा असतो, आणि त्याच्या लेखी गाडीचं आयुष्य पहिल्या मालकापर्यंतच असतं. आपल्याकडे गाडी दहा-बारा वर्षं वापरून धाकट्या भावाला, मग गावाकडे पुतण्याला दिली जाते. आयुष्य नेमकं कुणाचं धरायचं? उन्हाळ्यात एसी लावून चांदणी चौकात सरकत राहणाऱ्या गाडीचं तेल किती तापत असेल, याचा विचारही त्या एका शब्दात नाही. तेल जितकं तापतं तितकं झपाट्यानं म्हातारं होतं. दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं, असा तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे.

म्हणजे बाहेरचं तेल बिनधास्त घालावं का? तसं मी म्हणत नाही. बाहेरच्या तेलाच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे, तो आधी मान्य करू. गाडीची कंपनी तेल बनवत नाही. तिच्या नावाच्या डब्यातलं तेल तेलकंपन्याच बनवतात. झेडएफच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्ससाठीचं तेल शेलचं होतं हे उघड आहे. रसायनांचं मिश्रण बनवणाऱ्या कंपन्या तर जगभरात बोटांवर मोजण्याइतक्या: लुब्रिझॉल, आफ्टन, इन्फिनियम. त्यामुळे डब्यावरच्या बोधचिन्हात काही जादू असते, हा समज सोडायला हरकत नाही. मग त्या बोधचिन्हाचे जादा पैसे कशाचे? एकाच गोष्टीचे: चूक झाली तर दोष देता येईल असा कुणीतरी मागे उभा असल्याचे.

बाहेरच्या बाटलीमागेही तसं कुणी उभं आहे का, हे बाटलीच्या मागच्या बाजूला वाचायचं असतं. तिथले शब्द वरवर सारखे वाटतात, पण सारखे नसतात. काही तेलांना परवाना असतो. जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉनसाठी, फोर्डच्या मर्कॉनसाठी तेलकंपनीला चाचण्यांचे निकाल दाखवून परवाना घ्यावा लागतो, आणि डेक्स्रॉनच्या बाटलीवर परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. बाकी बाटल्यांवर ‘यासाठी योग्य’, ‘या गाड्यांसाठी सुचवलेलं’ अशी भाषा असते. ते तेल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं झालं. ते खोटंच असेल असं नाही. मोठ्या कंपन्या आपल्या नावाला जपतात आणि चाचण्याही करतात. पण एकाच बाटलीवर अमेरिकी, जपानी, कोरियन, जर्मन अशी पंचवीस-तीस नावं ओळीनं छापलेली दिसली, की मी विचारतो: यांतल्या किती गिअरबॉक्समध्ये हे तेल खरोखर लाख किलोमीटर फिरवून पाहिलं आहे?

आपल्या बाजारात यातली सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे ‘डेक्स्रॉन-थ्री’. २००५ मध्ये जनरल मोटर्सनं डेक्स्रॉन-सिक्स आणलं, आणि २००६ संपता संपता डेक्स्रॉन-थ्रीचे परवाने थांबवले. त्यानंतर ‘थ्री’ लिहिलेल्या बाटलीतल्या तेलाची जबाबदारी त्या नावाच्या मालकावर उरलेली नाही. तरी ते नाव आजही दुकानादुकानात आहे. शिवाय पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल तेल चालत आल्यामुळे गॅरेजातल्या ड्रमला कुणी एटीएफ म्हणतं, कुणी पॉवर स्टिअरिंग ऑइल. स्टिअरिंगच्या पंपाला ते चालतंही, कारण तिथे क्लच नाहीत. पण नवे गिअरबॉक्स याहून बरंच पातळ तेल मागतात. दाटपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात: डेक्स्रॉन-थ्री शंभर अंशांना साधारण साडेसात सेंटिस्टोक्सचं, तर टोयोटाचं ‘डब्ल्यूएस’ साडेपाचच्या आसपास. व्हॉल्व्ह बॉडीतली छिद्रं आणि सोलेनॉइडच्या वेळा त्या पातळपणाचा हिशेब धरून आखलेल्या असतात.

जपानी कंपन्यांच्या बाबतीत अडचण आणखी आहे. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-वन, निसानचं मॅटिक-एस ही त्या कंपन्यांची घरची नावं. त्यांचे गुण जाहीर करून, चाचण्या घेऊन बाहेरच्यांना परवाना द्यायची अमेरिकेसारखी पद्धत तिथे नाही. त्यामुळे बाहेरचा कुणी ‘डब्ल्यूएससाठी योग्य’ म्हणाला तर तो अंदाजानं आणि स्वतः मूळ तेलाचं पृथक्करण करून म्हणतो. आपल्या रस्त्यांवरच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये जपानी घडणीच्या गिअरबॉक्सचा वाटा मोठा आहे. म्हणजे इथला मालक तेलाच्या निवडीत बहुधा अंधारातच असतो. हा अंधार टाळता येण्यासारखा आहे. घर्षण, पातळपणा, कातरबलाखाली टिकण्याची क्षमता यांचे किमान आकडे जाहीर केले, तर कुणाचं व्यापारी गुपित फुटणार नाही. रसायनाची कृती झाकून ठेवावी, परीक्षेचे गुण झाकून ठेवू नयेत.

आपल्याकडचा आणखी एक गोंधळ ‘ऑटोमॅटिक’ या शब्दातच आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी सामान्य घरांत पोचली. ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं इतकंच. तिच्यात साधं गिअर ऑइल असतं, एटीएफ नव्हे. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये दाबून धरलेला असतो, पोलादावर पोलाद, आणि ती पकड टिकवायची असते तेलाला. तिथे लोण्यासारखं घसरवणारं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्ती नसतेच. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्येही काहींचे क्लच कोरडे, काहींचे तेलातले, आणि तेलं त्याप्रमाणे वेगळी. या सगळ्यांना विकताना एकच शब्द, ‘ऑटोमॅटिक’. सीव्हीटीच्या आणि दोन क्लचच्या बाबतीत माझं मत कठोर आहे: पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घ्यावं, दुप्पट किंमत देऊन घ्यावं. तिथे वाचवलेले हजार-दोन हजार रुपये गिअरबॉक्सच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

कंपनीचं तेल घेतलं नाही तर वॉरंटी जाईल, ही भीती मात्र जेवढी घातली जाते तेवढी खरी नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं अमुकच ब्रँडचा भाग वापरा अशी अट वॉरंटीला जोडायला मनाई केली. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिलं झाली. पण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना उपलब्ध करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हे आयोगाचं म्हणणं तेलालाही तंतोतंत लागू पडतं. माझ्या दृष्टीनं त्या निकालात दंडापेक्षा माहितीचा भाग महत्त्वाचा आहे. बाहेरच्या मेकॅनिकला स्पेसिफिकेशनच माहीत नसेल तर तो ड्रमकडेच बोट दाखवणार. त्यात त्याचा दोष मी थोडाच मानतो.

तरीही वॉरंटी चालू असताना मी कंपनीचंच तेल घेईन. कायदा बाजूनं असला तरी भांडण लढायला वर्षं लागतात, गाडी मात्र सोमवारी सकाळी लागते. वॉरंटी संपल्यावर आणि साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला परवानाधारक किंवा नावाजलेल्या कंपनीचं, स्पेसिफिकेशन जुळणारं बाहेरचं तेल मी निर्धास्तपणे घालीन, आणि वाचलेल्या पैशांत ते अधिक वेळा बदलीन. पन्नास हजार किलोमीटरला बदललेलं चांगलं बाहेरचं तेल, दीड लाख किलोमीटर तसंच राहिलेल्या कंपनीच्या तेलापेक्षा गिअरबॉक्सला कितीतरी जास्त जपतं.

आमच्या गाडीचं काय केलं ते सांगतो. गिअरबॉक्सवरच्या पट्टीवरून तो कुणी बनवला हे कळलं. तो बनवणारी जपानी कंपनी स्वतःच्या नावानं तेलही विकते, असं शोधल्यावर समजलं. गाडीच्या कंपनीच्या लेखी ते ‘बाहेरचं’. ज्यांनी त्या क्लच प्लेटा घडवल्या, त्यांचं तेल बाहेरचं कसं? ते घेऊन मी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेलो, कारण मेकॅनिकचा हात चांगला होता. ड्रेन प्लग उघडल्यावर काळं, करपट वासाचं तेल निघालं. एका खेपेला निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं थोडं अंतर चालवून तीन वेळा काढलं आणि भरलं. पातळी पाहायची ती तेल चाळीस अंशांच्या आसपास असताना, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लोच्या भोकातून. हे मी छापील कागदावरून वाचून दाखवलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, ‘‘काका, हे आम्हाला कुणी सांगतच नाही.’’ त्यानं तो कागद भिंतीला चिकटवला.

तिसऱ्या खेपेनंतर साताऱ्याला जाऊन आलो. सुरूरच्या सपाटीवर पन्नासचा वेग धरला, पाय हलका ठेवला. थरथर जवळजवळ गेली होती. एकदा, लांब उताराच्या शेवटी, किंचित आली. प्लेटा झिजल्यात त्या तेलानं परत येणार नाहीत. गेल्या आठवड्यात चाकांची हवा पाहायला गॅरेजमध्ये गेलो, तर कोपऱ्यातल्या ड्रमवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: फक्त पॉवर स्टिअरिंग.